दोन टाक्यांमधलं अंतर

वाहूळ मामांच्या गळ्यात ताईत आहे, असं मला पहिले सहा महिने वाटत होतं. काळा दोरा, तो शर्टाच्या आत गेलेला, आणि छातीशी काहीतरी चपटं. माणूस एरवी इतका रोखठोक. कारखान्यात नव्या मशीनसमोर नारळ फोडायला बोलावलं तर "तुम्ही फोडा, खोबरं आपण सगळे खाऊ" म्हणणारा. आणि ह्यांच्या गळ्यात ताईत! मी मनातल्या मनात हसून घेतलं होतं. मग एके दिवशी नुकत्याच वेल्डिंग झालेल्या एका सांध्यापाशी ते वाकले, गळ्यातला दोरा ओढून बाहेर काढला आणि त्याला बांधलेला लोखंडाचा तुकडा सांध्याच्या कोपऱ्यात टेकवून बघू लागले. तुकड्याच्या चार कोपऱ्यांना चार खाचा होत्या. चार, पाच, सहा आणि आठ मिलिमीटरच्या. वेल्ड जेवढा जाड सांगितला तेवढाच झालाय का, हे बघायचं ते माप होतं. मोठ्या करवतीचं पातं तुटलं होतं, त्यातून त्यांनी स्वतः घासून केलेलं.

माझ्या तोंडाकडे बघून ते म्हणाले, "ताईत नाय मॅडम. पण राखतो हाच."

आमचा कारखाना वाळूजला. लोखंडी सांगाडे, शेड, पूल-बिल असलं काम. मी डिझाइनमध्ये, म्हणजे हिशोब करून कागदावर रेघा मारणारी. सोयगावहून शिकायला शहरात आले आणि इथंच राहिले. वाहूळ मामा कामाच्या शेडवरचे फोरमन. नाव उत्तम, शिक्षण नववी, गाव पैठणकडचं. सकाळी शेडमध्ये शिरताना समोर येईल त्याला "जय भीम" म्हणायचे, मॅनेजरलाही आणि चहावाल्यालाही, एकाच आवाजात. आमच्याकडे बरेच कारागीर बीमला 'भीम' म्हणतात. कुणी म्हणालं, "मामा, त्या भीमला प्लेट लावायची," की मामा शांतपणे म्हणत, "त्याला कशाचीच गरज नाय. तू गाटराला लाव." स्वतः ते कायम गाटरच म्हणत.

आमच्या दोघांची गाठ पडायची ती जुन्या गाटरांवरून. एखाद्या कारखान्यात वरच्या मजल्यावर नवं मशीन येतं, बोजा वाढतो, आणि खालचं जुनं गाटर पुरेनासं होतं. ते काढून नवं टाकणं म्हणजे सगळं छत उतरवणं. म्हणून त्याच्या खालच्या अंगाला एक पोलादी प्लेट वेल्ड करून जोडतात. प्लेट केवढी, हे काढणं सोपं असतं. अवघड असतं ते वेल्डचं. किती जाड, किती लांब, किती किती अंतरावर. कारण प्लेट आणि गाटर दोन वेगळी राहिली तर प्लेटचा उपयोग शून्य, उलट तिचंच ओझं.

असलं माझं पहिलं ड्रॉइंग शेडवर गेलं आणि अर्ध्या तासात मामा ते हातात घेऊन ऑफिसच्या दारात उभे.

"मॅडम, जरा येता का? झोपून बघायचंय."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पण त्यांनी खरंच मला एका गाटराखाली नेलं, जमिनीवर पोतं अंथरलं आणि म्हणाले, "आडव्या व्हा. हात वर करा. आता तुमच्या हातात वेल्डिंगचा होल्डर हाय आसं समजा. ठिणग्या कुठं पडतील?"

ठिणग्या माझ्या तोंडावर पडणार होत्या. मी गाटरापेक्षा अरुंद प्लेट काढली होती, त्यामुळे दोघांचा कोपरा खालच्या बाजूला येत होता, आणि वेल्डरला उताणं पडून वर वेल्ड मारावा लागणार होता. मामांनी कॉलर बाजूला करून मानेवरचे डाग दाखवले. "प्लेट गाटरापरीस जरा रुंद घ्या. दोन्हीकडून काठ बाहेर येतो. मंग माणूस बाजूला बसून वरून वेल्ड मारतो. वेल्ड बी चांगला, माणूस बी चांगला." आणि उठताना एवढंच म्हणाले, "कागदावरचा माणूस कधी आडवा होत नाय, म्हणून सांगितलं."

मला भयंकर राग आला होता. चार लोकांसमोर पोत्यावर झोपवलं म्हणून. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी ड्रॉइंग बदललं.

बोजा असलेल्या गाटराला ते कधीच थेट प्लेट लावू देत नसत. आधी खालून जॅक लावून गाटर जरासं उचलायचं, मग वेल्ड. मी कारण सांगायला लागले तर म्हणाले, "म्हायतीय की. डोक्यावर पाटी घेऊन उभ्या बाईला कंबरपट्टा बांधून काय फायदा? आधी पाटी उतरवा, मंग पट्टा बांधा, मंग पाटी द्या." ह्या विषयावरचं एक अख्खं प्रकरण मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. त्यात ह्याहून जास्त काही नव्हतं.

आमचे सगळ्यात चांगले वेल्डर रफिकभाई. हात असा, की वेल्ड बघत राहावा. पण त्यांना खोड एक. सहाचा सांगितला की दहाचा भरायचे. एकदा असंच एका पातळ प्लेटवर त्यांनी जाडजूड वेल्ड ओतला आणि ती प्लेट उष्णतेनं ओढली जाऊन तव्यावरच्या पापडासारखी वाकडी झाली. मामांनी गळ्यातला तुकडा काढून लावला. आठच्या खाचेतही वेल्ड मावेना.

"मजबूत होने कू डाला ना मामा," रफिकभाई म्हणाले.

"रफिकभाई, बिर्याणीत मीठ वाढवलं तर बिर्याणी मजबूत होती का?"

रफिकभाई बिर्याणीच्या बाबतीत हळवे होते. त्यांनी निमूटपणे प्लेट कापून काढली.

थोड्या थोड्या अंतरावर मारलेल्या वेल्डच्या तुकड्याला मामा 'टाका' म्हणत. सगळेच म्हणतात, पण मामांच्या तोंडी तो शिवणाचाच टाका असायचा. त्यांची आई गावात वाकळा, म्हणजे गोधड्या, शिवायची, आपल्या आणि लोकांच्याही. लहानपणी वाकळेचं दुसरं टोक धरून बसायचं काम ह्यांच्याकडे. "आई काठाला बारीक टाके घालायची, जवळजवळ. मधी लांबलांब. मी म्हणायचो, आये, मधी बी बारीक घाल की. तर म्हणायची, वाकळ कडेनं उसवती बाबा, मधून नाय." गाटराचंही तेच असतं. दोन टोकांशी, जिथं ते भिंतीवर टेकतं तिथं, प्लेट आणि गाटर एकमेकांवरून घसरायला बघतात. मध्यावर ती ओढ जवळजवळ नसते. मामांना सूत्र येत नव्हतं. पण ड्रॉइंगमध्ये टोकाला टाके विरळ दिसले तर ते परत पाठवायचे.

आणि त्यांचे दोन नियम होते, ते कारखान्याच्या कुठल्याच कागदावर नव्हते.

पहिला नियम मोजणीचा. वेल्डिंग संपलं की जॅक काढण्याआधी ते इंजिनियरला गाटराकडे पाठ करून उभं करायचे. इंजिनियरनं कागदावरून सांगायचं, एका बाजूला टाके किती. मामा खडूनं एकेक टाक्यावर खूण करत मोजायचे. दोघांचा आकडा जुळला तरच जॅक निघायचा. मोठमोठ्या साहेबांना त्यांनी असं शाळेतल्या पोरांसारखं भिंतीकडे तोंड करून उभं केलेलं मी पाहिलंय.

दुसरा नियम डब्याचा. जॅक निघाला, वर बोजा चढला, की ज्यांनी ज्यांनी त्यात हात घातलाय त्या सगळ्यांनी त्याच गाटराखाली बसून जेवायचं. सही करणाऱ्यानं आधी. "डबा आणलाय का मॅडम?" असं त्यांनी पहिल्यांदा विचारलं तेव्हा मला वाटलं, काय प्रेमळ माणूस आहे. मग कळलं. त्या दिवशी डोक्यावर अकरा टनांचं मशीन होतं. मेथीची भाजी होती, एवढं आठवतं. चव काही कळली नाही.

आता मुख्य गोष्ट सांगते. ती माझ्या चुकीची आहे.

मामांच्या वस्तीत एक जुनं सरकीचं गोदाम होतं. लोकांनी ते साफसूफ करून तिथं अभ्यासिका चालू केली होती. खाली एकच हॉल, स्पर्धा परीक्षेची पोरं सकाळी सहापासून जागा धरून बसायची. मुलींना जागाच मिळत नसे, आणि मिळाली तरी त्या गर्दीत घरचे बसू देत नसत. वर माळा होता, दोन जुन्या गाटरांवर लाकडी फळ्या. मामांच्या मनात होतं, वर मुलींसाठी वेगळी खोली करायची. चाळीस खुर्च्या आणि पुस्तकांची कपाटं. त्यासाठी गाटरं मजबूत करायची.

ह्यामागे सुजाता होती, त्यांची मुलगी. बारावीनंतर तिला नर्सिंगला जायचं होतं. घरात दोन खोल्या आणि आठ माणसं. अभ्यासाला कोपरा नाही. तेव्हा मामांनी तिला शब्द दिला होता, "तुला बसायला जागा करून देतो." ती काही झाली नाही. परीक्षा राहिली, लग्न झालं, दोन मुलं झाली, आणि सुजाता वाळूजलाच एका कारखान्यात पॅकिंगला लागली. मामा हे एकदाच बोलले माझ्याशी, चहा पिताना, कपाकडे बघत. "लोकाच्या कारखान्याला मी किती गाटरं जोडली मॅडम. पोरीला एक खुर्ची टाकता नाय आली."

मी म्हणाले, हिशोब मी करते. घरी, जेवणाच्या टेबलावर बसून केला. प्लेटच्या दोन्ही टोकांना सलग वेल्ड, आणि मध्ये टाके. कोऱ्या कागदावर हातानंच काढून दिलं, आणि टाक्यांपाशी लिहिलं, '५०-१५०'. प्लेट कारखान्यानं दिली. मामा, रफिकभाई आणि वस्तीतली चार माणसं रविवारी रविवारी काम करत होती.

उद्घाटनही रविवारीच ठेवलं होतं. खाली मांडव, खुर्च्या, नगरसेवक आलेले, मुली नव्या ड्रेसमध्ये. सुजाता किल्ली हातात घेऊन जिन्याशी उभी. आमचं उरलेलं काम आदल्या रात्री उशिरा संपलं होतं, फक्त जॅक काढायचे राहिले होते. मामांनी मला गाटराकडे पाठ करून उभं केलं. लोकांना गंमत वाटली.

"बोला मॅडम. सलग सोडून, मधले टाके किती?"

"सत्तावीस."

मागे खडूचा आवाज येत राहिला. मग थांबला. मग पहिल्यापासून पुन्हा सुरू झाला.

"वीस," मामा म्हणाले.

मी वळले. त्यांनी खिशातून माझा कागद काढला, उलगडला. "पन्नासचा टाका, दीडशे मोकळं. आसंच हाय ना?"

"नाही मामा. पन्नासचा टाका, आणि टाक्याच्या मध्यापासून पुढच्याच्या मध्यापर्यंत दीडशे. म्हणजे मोकळं शंभरच."

आमच्याकडे दोन तऱ्हेचे परदेशी ग्राहक आहेत. एकाच्या ड्रॉइंगवर दुसरा आकडा म्हणजे मधली मोकळी जागा, दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर तो मध्यापासून मध्यापर्यंतचा. कारखान्याच्या छापील कागदावर कोपऱ्यात लिहिलेलंच असतं, कुठली पद्धत. माझ्या जेवणाच्या टेबलावरच्या कागदावर ते नव्हतं. घरचं काम म्हणून मी घरच्यासारखं केलं होतं.

नगरसेवक जवळ आले. "काय झालं?"

"चूक झाली, माझी—" मी म्हणत होते, तेवढ्यात मामाच मोठ्यानं म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "आमच्या दोघांचा आकडा जुळला नाय. वरची खोली आज उघडायची नाय."

"अहो, सात टाक्यांनी काय होतंय? वर काय हत्ती बसवायचाय?"

"हत्ती आसता तर इचार केला आसता साहेब. हत्ती एकटा आसतो. इथं चाळीस पोरी बसायच्यात."

मांडवात कुजबुज सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, मामा म्हातारपणी घाबरट झाले. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. मामांनी सुजाताकडे पाहिलं. इतका वेळ त्यांनी तिच्याकडे बघायचं टाळलं होतं.

"पुढच्या रविवारी," ते तिला म्हणाले. आवाज बारीक झाला होता.

सुजातानं किल्ली पदराला बांधली. "सोळा वर्षं झाली आबा. एका आठवड्यानं काय होतंय?" आणि ती पाहुण्यांना चहा द्यायला गेली.

माणसं पांगल्यावर मी गाटराखाली फरशीवरच बसले. मला रडू येत होतं आणि रडू येतंय ह्याचा राग येत होता. म्हणाले, "सगळे टाके ग्राइंडरनं काढू. पहिल्यापासून करू. आणि मामा, ह्यापुढं मी सही करणार नाही. कुणीतरी दुसरं बघा."

मामा समोर बसले. "उसवायचं कशाला ताई?" त्या दिवसापर्यंत मी मॅडम होते. "चांगले मारलेत रफिकभाईनं. प्रत्येक दोन टाक्याच्या मधी दीडशे मोकळं हाय. त्यात आणखी एक टाका आरामात बसतो. पण सगळीकडं नको. मधी हायेत तेवढे लई झाले. दोन्ही कडंला घाला, चार इकडं, चार तिकडं. बगा बरं तुमच्या हिशोबात बसतं का."

मी उद्घाटनाच्या निमंत्रणपत्रिकेच्या पाठीवर हिशोब केला. बसत होतं. नुसतं बसत नव्हतं, माझ्या मूळ ड्रॉइंगपेक्षा ते चांगलं होतं. मी गाटरभर सारखे टाके टाकले होते, सोपं जातं म्हणून. जिथं ओढ जास्त तिथं जास्त टाके, हे मीच शिकले होते आणि मीच आळस केला होता. चार वर्षं इंजिनियरिंग केलं, पण वाकळेचं टोक कधी धरलं नव्हतं.

"आणि सहीचं म्हणाल," मामा म्हणाले, "तर कागद मी बी वाचला. मला इचारता आलं आसतं, हे दीडशे कुठून कुठवर. नाय इचारलं. वाटलं, आपल्याला समजतंय. आकडा मुका आसतो ताई. त्याच्या शेजारी दोन शब्द बसवत जा. मी इचारत जाईन. झालं."

पुढच्या रविवारी मांडव नव्हता, नगरसेवक नव्हते. रफिकभाईंनी दोन्ही गाटरांना प्रत्येक बाजूला आठ टाके मारले, सहाचे म्हणजे बरोबर सहाचे. मी पाठ करून उभी राहिले.

"अठ्ठावीस," मी म्हणाले.

खडू चालला.

"अठ्ठावीस," मामा म्हणाले.

जॅक उतरले. गाटर एकदाच टक् करून बोललं आणि गप्प झालं. कपाटं वर गेली, पुस्तकं गेली, मग मुली. सुजाता सगळ्यात शेवटी गेली, चप्पल हातात घेऊन, देवळात जावं तशी. आम्ही तिघं खाली डबे उघडून बसलो. माझी पोळी, मामांची भाकरी आणि ठेचा, रफिकभाईंच्या घरचा दालचा. वर चाळीस खुर्च्या एकदम सरकल्याचा आवाज झाला. रफिकभाईंचा घास तोंडापाशीच थांबला. मामा जेवत राहिले. मीही जेवले, आणि त्या दालच्याची चव मला अजून आठवते.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक ड्रॉइंगवर आकड्याच्या शेजारी शब्द असतात. 'टाका पन्नास, मोकळं शंभर.' परदेशी ग्राहकांच्या कागदावरसुद्धा, खाली इंग्रजीत. हाताखालच्या नव्या इंजिनियरना मी गाटराकडे पाठ करून उभं करते. ते चिडतात. चिडू देत.

मामा निवृत्त झाले, मग दमा बळावला. इतकी वर्षं धूर छातीत गेलेला. ते गेले ह्या उन्हाळ्यात. त्याआधी दोनेक महिने मी त्या बाजूला गेले होते, म्हणून अभ्यासिकेत डोकावले. दुपारची वेळ. हॉलमध्ये पोरं माना खाली घालून वाचत होती, आणि गाटराच्या बरोबर खाली, भिंतीशी एका खुर्चीवर, मामा डबा उघडून बसले होते. फार वाळले होते. गळ्यातला काळा दोरा तेवढा तसाच.

"मामा, इथं जेवताय?"

"रोज," ते म्हणाले. बोलताना धाप लागत होती. "सुजीला सुट्टी आसली की ती वर आसते. बाहेरून बी.ए. करतीय. तिसरं वर्ष." आणि भाकरीचा तुकडा धरलेल्या हातानंच त्यांनी वर बोट दाखवलं.

वर कुणीतरी खुर्ची सरकवली. फळ्यांवर पावलं वाजली. मी नकळत मान वर करायला गेले.

"वर बघू नका," मामा म्हणाले. "तशाच सांगा. टाके किती?"

"अठ्ठावीस."

"कडंला?"

"चार इकडं, चार तिकडं."

त्यांनी पायानं शेजारची खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"व्हय," ते म्हणाले. "मंग बसा. जेवून घ्या."